‘सेन्सर्स’ कमांड दाखवते तो आकडा येतो कुठून?

नवी मुंबईतल्या महापे, रबाळे, ऐरोली या पट्ट्यात कारखान्यांच्या जोडीला आता डेटा सेंटर्स उभी आहेत. तिथे रात्रपाळीला असलेला माणूस लिनक्स मशीनच्या टर्मिनलवर ‘सेन्सर्स’ एवढंच टाइप करतो आणि प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरसमोर (म्हणजे त्यातल्या प्रत्येक गणन-विभागासमोर) +७२.० असा तापमानाचा आकडा उमटतो. दशांश चिन्ह बघून वाटतं, थर्मामीटर लावून मोजलंय. इंटेलच्या प्रोसेसरवर हा आकडा खरं तर वजाबाकीचं उत्तर असतं, आणि वजाबाकी कशातून करायची हेच काही वर्षं नीट माहीत नव्हतं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर नॅशनल सेमीकंडक्टरच्या एलएम७८ सारख्या चिप मदरबोर्डवर आल्या. व्होल्टेज, फॅनचे फेरे आणि बोर्डाचं तापमान एवढं त्या बघायच्या. त्यांच्याशी बोलायचा एक रस्ता म्हणजे इंटेलने १९९५ मध्ये आणलेली एसएमबस, म्हणजे बोर्डावरच्या चिपना जोडणारी संदेशांची तार. तिचा पाया फिलिप्सच्या १९८२च्या आयटूसी बसमध्ये. लिनक्सवर या चिप वाचण्यासाठी १९९८च्या सुमारास एलएम-सेन्सर्स हा प्रकल्प सुरू झाला. फ्रोडो लोइयार्ड आणि फिलिप एडेलब्रॉक ही त्यातली सुरुवातीची नावं. कुठल्या बोर्डवर कुठली चिप आहे हे सांगणारं कुणीच नव्हतं. म्हणून ‘सेन्सर्स-डिटेक्ट’ ही स्क्रिप्ट बसवरचा एकेक पत्ता ठोठावून बघायची.

हे ठोठावणं काही आयबीएम थिंकपॅडना फार महागात पडलं. त्यांच्यात २४आरएफ०८ नावाची एक छोटी स्मृती-चिप होती. तपासणीसाठी पाठवलेल्या साध्या संदेशाने तिच्यातला मजकूर बिघडायचा आणि लॅपटॉप सुरूच व्हायचा नाही. तापमान बघायला गेलेल्या माणसाच्या हातात बंद मशीन! पुढे आयबीएमचं मशीन दिसलं की या बसचा ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारा प्रोग्राम, लोड व्हायलाच नकार देऊ लागला. आजही ही स्क्रिप्ट प्रत्येक टप्प्यावर थांबून हो-नाही विचारते. नुसतं एंटर दाबत सुटणाऱ्यांना मी आवर्जून सांगतो, ते प्रश्न वाचा.

दरम्यान प्रोसेसर तापतच चालले होते. २००१ मध्ये एका गाजलेल्या चाचणीत चालू मशीनवरचा हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) काढला, तेव्हा एएमडीचा ॲथलॉन जळाला. इंटेलचा पेंटियम ४ मात्र वेग उतरवून तगला. डिसेंबर २००३ मध्ये लिनक्स २.६ आलं आणि सेन्सरचे ड्रायव्हर मुख्य कर्नलचाच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचाच, भाग झाले. रीडिंग साध्या फाइलमधून मिळू लागलं. फाइल उघडली की ७२००० दिसतं, म्हणजे अंशाचा हजारावा भाग हे एकक.

खरी गुंतागुंत पुढची. २००६च्या कोअर प्रोसेसरपासून इंटेलने प्रत्येक कोअरमध्ये डिजिटल सेन्सर दिला. पण तो तापमान सांगत नाही. कमाल मर्यादेपासून आपण किती अंश खाली आहोत, तेवढंच सांगतो. मर्यादा १०० आणि अंतर २८, म्हणून ७२. सुरुवातीच्या बऱ्याच मॉडेलांत ती मर्यादा चिपमधून वाचताच यायची नाही. ड्रायव्हर ८५ किंवा १०० धरून चालायचा, म्हणजे थेट १५ अंशांचा फरक. २००८च्या नेहेलम पिढीपासून ती वाचता येऊ लागली. तरी हा सेन्सर मर्यादेजवळ भरवशाचा, मशीन निवांत असताना तितका नाही.

डेटा सेंटरमध्ये निवांत मशीनची ही चूक लपून जाते, कारण ॲशरे या वातानुकूलन अभियंत्यांच्या अमेरिकी संस्थेच्या २००८च्या शिफारशीप्रमाणे तिथली हवा १८ ते २७ अंशांत ठेवायची असते. कोपरखैरणेत किंवा ठाण्याच्या नौपाड्यात मे महिन्यात एसी नसलेली खोली सहज ३३-३४ वर जाते. तिथे साध्या फॅनवर चालणारा प्रोसेसर २८ दाखवत असेल, तर आकडा चुकलाय, वादच नाही. म्हणून रीडिंगच्या शेजारी खोलीचं तापमान लिहून ठेवायलाच हवं.

एएमडीने वेगळा मार्ग घेतला. २०१७च्या रायझन १७००एक्स आणि १८००एक्सवर फॅनच्या नियंत्रणासाठी म्हणून २० अंश मुद्दाम वाढवून दाखवले जायचे. ते वजा करायची सोय लिनक्समध्ये नंतर आली. तोवर कित्येकांनी प्रोसेसर आणि हीटसिंकमधली थर्मल पेस्ट विनाकारण बदलली असणार.

डिस्कचं तापमान बराच काळ वेगळ्याच वाटेने मिळायचं: एचडीडीटेम्प किंवा स्मार्टसीटीएल या कमांड, आणि दोन्हींना सहसा रूटचे, म्हणजे मशीनच्या मुख्य प्रशासकाचे, अधिकार लागायचे. २०२० मध्ये लिनक्स ५.६ सोबत ड्राइव्हटेम्प ड्रायव्हर आला आणि साटा डिस्कही ‘सेन्सर्स’च्याच यादीत दिसू लागल्या. या ड्रायव्हरचं मॉड्यूल मात्र बऱ्याच ठिकाणी आपल्यालाच लोड करावं लागतं.