शाकाहारात प्रथिनं अर्धवटच असतात का?

‘डाळींची प्रथिनं अर्धवट असतात, त्यामुळे शाकाहारी माणसाला प्रथिनं कमीच पडतात,’ असा संदेश वर्षानुवर्षं फिरतोय.

प्रथिनं ज्या घटकांची बनतात ती अमिनो आम्लं. त्यांतली शरीराला लागणारी नऊही आवश्यक आम्लं डाळीत असतात. फक्त त्यांतलं मेथिओनिन कमी असतं. ज्वारी-तांदळात ते पुरेसं, पण लायसिन कमी. दोन्ही खाल्लं की उणीव भरून निघते. ते एकाच घासात किंवा एकाच जेवणात असायलाही हवं असं नाही, दिवसभरात झालं तरी चालतं.

आता प्रमाण. निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोला साधारण ५० ग्रॅम. दिवसाचा कोरडा शिधा मोजून पाहा (कंसात प्रथिनांचे ग्रॅम): १५० ग्रॅम ज्वारीचं पीठ (१५), ७५ ग्रॅम तांदूळ (६), ६० ग्रॅम तूरडाळ (१३), ४० ग्रॅम मटकी (८), २५ ग्रॅम शेंगदाणे (६), १५० ग्रॅम दही (५). बेरीज ५३.

मग कमी पडतं कुठे? पातळ वरणात. चौघांत वाटीभर नव्हे, मूठभर डाळ शिजली तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम तीन ग्रॅम प्रथिनं येतात, बाकी पाणी. शिवाय उपासाच्या साबुदाण्यात प्रथिनं जवळपास नसतातच. खिचडीत असतात ती दाण्याच्या कुटाची. म्हणून शिजलेली वाटी मोजू नका, कोरडी डाळ तराजूवर तोला आणि माणसांनी भागा.

ब१२ जीवनसत्त्वाचा प्रश्न मात्र खरा आहे. डाळी-भाज्यांतून ते मिळत नाही. दूधदुभतं कमी असेल तर रक्ततपासणी करून डॉक्टरांना विचारावं.