दोन मीटरांचा दूधसागर, बोटाएवढं इंजिन

दूधसागर धबधब्याची उंची सुमारे ३१० मीटर. छोट्या रेल्वेच्या छंदात ‘एन’ नावाचं एक प्रमाण आहे, १ ला १६०. या हिशेबाने दूधसागर घरात उभा करायचा म्हटला तर तो १ मीटर ९४ सेंटिमीटर भरतो, जवळपास दाराएवढा. त्याच्यासमोरून जाणारं इंजिन मात्र दहा ते तेरा सेंटिमीटरचं, तळहातावर मावणारं.

डोंगर आणि झाडी करणं हे गोव्यात अवघड काम नाही. चवथीला हलते देखावे उभारणारे, माती-कागद-गोणपाटातून कडे-कपारी घडवणारे हात इथे गावोगाव आहेत. अडचण वेगळीच आहे. धबधब्यात खरं पाणी सोडून पाहा. ३१० मीटरांवरून मोकळं पडणाऱ्या वस्तूला, हवेचा अडथळा सोडला तर, खाली यायला साधारण आठ सेकंद लागतात, १.९४ मीटरवरून अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो. दूधसागर टप्प्याटप्प्याने उतरतो, त्यामुळे त्याचा खरा वेळ आणखी जास्त. शिवाय थेंबाचा आकार पृष्ठताणामुळे ठरतो, तो १६० पट लहान होत नाही. परिणाम असा की दूधसागराऐवजी गळका नळ दिसतो. म्हणून या छंदातले लोक धबधबा पारदर्शक सिलिकॉन आणि कापसाच्या तंतूंतून करतात. चित्रपटांतली लघुप्रतिकृतींची दृश्यंही याच कारणासाठी जास्त वेगाने टिपून सावकाश दाखवली जातात.

भूमिती लहान करता येते, गुरुत्वाकर्षण करता येत नाही. छोट्या रेल्वेत शिरताना एवढी एक गोष्ट आधी समजून घेतली तर पुढचे बरेच पैसे आणि बरीच निराशा वाचते, असं माझं ठाम मत आहे. कारण गाडी वळणावर का टिकते, चढणीवर का घसरते आणि पावसाळ्यात का अडून बसते, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं इथूनच निघतात.

आधी आकार निवडूया. पुण्यातलं जोशींचं लघु रेल्वे संग्रहालय पाहिलं असेल, तर तिथलं प्रमाण ‘एचओ’, म्हणजे १ ला ८७. त्याच्या रुळांतलं अंतर १६.५ मि.मी. हॅम्बुर्गचं प्रसिद्ध मिनियाटूर वुंडरलँडही याच प्रमाणात आहे. ‘एन’चे रूळ ९ मि.मी.चे, जर्मनीच्या अर्नोल्ड कंपनीने १९६२ साली ते बाजारात आणले. त्याहून लहान ‘झेड’, १ ला २२०, रूळ ६.५ मि.मी., हे मार्क्लिनने १९७२ साली काढलं. आणि सगळ्यांत चिमुकलं जपानी ‘टी’, १ ला ४५०, ज्याचे रूळ केवळ ३ मि.मी. अंतरावर असतात. आजच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांचा साडेतेवीस मीटरांचा एलएचबी डबा एचओमध्ये २७ सें.मी., एनमध्ये पावणेपंधरा आणि टीमध्ये सव्वापाच सें.मी. होतो. वीस डब्यांची पूर्ण गाडी एनमध्येसुद्धा तीन मीटरांची होते, हे लक्षात ठेवलेलं बरं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने पाच-सहा डब्यांच्या गाडीत समाधान मानावं. डोळा तेवढ्यालाही पूर्ण गाडी मानतो.

गोव्यातल्या माणसासाठी एनमध्ये एक खास योग जुळून आला आहे. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मि.मी. रुंद. त्याला १६० ने भागलं तर साडेदहा मि.मी. हवेत, मिळतात नऊच. त्यामुळे विकतच्या रुळांवरची ब्रॉडगेज थोडी अरुंद दिसते. पण मुरगाव बंदरापासून कॅसलरॉकपर्यंत १८८०च्या दशकात टाकलेला मार्ग मीटरगेज होता आणि १९९०च्या दशकापर्यंत तो तसाच राहिला. एक मीटर भागिले १६० म्हणजे सव्वासहा मि.मी. आणि झेडचे तयार रूळ आहेत साडेसहाचे! फरक चार टक्के, डोळ्याला न जाणवणारा. म्हणजे झेडचे रूळ आणि झेडच्या बोग्या (चाकांचे सांगाडे) घ्यायच्या, त्यांवर एनच्या मापाची, त्रिमितीय छपाईने काढलेली वायडीएम-४ या मीटरगेज डिझेल इंजिनाची पेटी बसवायची, की आजोबांच्या आठवणीतली वास्को–कुळे गाडी शेल्फवर उभी राहते. ज्यांनी ती गाडी पाहिली ते लोक अजून आपल्यात आहेत. डब्यांचे रंग, स्थानकांच्या पाट्या, कुळ्याला इंजिन कुठे उभं राहायचं, हे त्यांना विचारून घेता येतं. हे काम कुणीतरी करायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं. मात्र नवशिक्याने सुरुवात ९ मि.मी.च्या तयार रुळांनीच करावी. झेडची यंत्रणा नाजूक असते आणि तिची दुरुस्ती भिंगाखाली करावी लागते.

आता वळण. कोकण रेल्वेची आखणी करताना वळणाची किमान त्रिज्या साधारण १२५० मीटर ठेवली गेली. एनमध्ये ती ७.८ मीटर होते. एवढी खोली कुणाकडे आहे? घाटासारख्या ठिकाणी भारतीय ब्रॉडगेजला १७५ मीटर त्रिज्येपर्यंत वळता येतं, तेही एनमध्ये १ मीटर ९ सेंटिमीटर. बाजारात मिळणारा वळणदार रूळ मात्र २८.२ सें.मी. त्रिज्येचा असतो. खऱ्या जगात याचा अर्थ ४५ मीटर. तिथून ताशी १०० कि.मी. वेगाने गाडी काढली, तर तिला बाहेर फेकू पाहणारं बल तिच्या वजनाच्या पावणेदोनपट होईल. गाडी रुळांवर राहणारच नाही.

छोटी गाडी राहते, आणि अगदी निवांत राहते. ताशी १०० कि.मी.चा वेग १६० ने भागला की सेकंदाला १७ सें.मी. उरतो. वळणावरचं बल वेगाच्या वर्गावर आणि त्रिज्येच्या व्यस्तावर ठरतं. वेग १६० पट घटला की त्याचा वर्ग २५,६०० पट घटतो, त्रिज्या मात्र १६० पटच. म्हणून बाहेर फेकणारं बल गाडीच्या वजनाच्या मानाने १६० पट कमी होतं, फक्त एक टक्का. घरातली गाडी वळणावर पडली तर दोष सहसा वेगाचा नसतो. रुळांचा सांधा उंच-सखल असतो किंवा चाकांमधलं अंतर बिघडलेलं असतं. तिथे बोट फिरवून पाहावं.

खऱ्या रेल्वेची चाकं किंचित शंकूच्या आकाराची असतात. आस एकच, दोन्ही चाकं तिला घट्ट बसवलेली, त्यामुळे वळणावर बाहेरच्या चाकाने जास्त अंतर कसं कापायचं? गाडी बाहेरच्या बाजूला जराशी सरकते, तिथे चाकाचा मोठा परीघ रुळावर येतो आणि आतल्या चाकाचा लहान. हिशेब आपोआप जुळतो. छोट्या गाड्यांसाठी ठरवलेल्या चाकाच्या मानक आकारातही तीन अंशांचा उतार ठेवलेला आहे. पण २८ सें.मी.च्या वळणावर तो पुरा पडत नाही, चाकाची कड रुळाला घासते आणि गाडी जड होते. त्यामुळे शक्य तेवढं मोठं वळण घ्यावं, आणि लांब एलएचबी डब्यांपेक्षा आखूड वाघिणी, म्हणजे मालगाडीचे डबे, घ्याव्यात. बॉक्सएन ही उघडी वाघीण एनमध्ये फक्त ६.७ सें.मी. असते आणि तीव्र वळणावरही देखणी दिसते.

चढणीचं मात्र उलट आहे. कुळे ते कॅसलरॉक घाटाची चढण ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे जाताना एक मीटर वर. उतार हे गुणोत्तर आहे. गाडी कितीही लहान केली तरी ३७ ला १ ची चढण ३७ ला १ च राहते. खऱ्या गाडीला सपाटीवर ओढायला दर टनामागे दोन-तीन किलोचा जोर पुरतो. या घाटात त्यात आणखी २७ किलोंची भर पडते. म्हणूनच तिथे मालगाडीला मागून ढकलायला बँकर इंजिनं लागतात. छोट्या गाडीच्या आसांचं घर्षण तिच्या वजनाच्या मानाने खूपच जास्त असतं, कारण घर्षण काही १६० पटींच्या नियमाने घटत नाही. त्यामुळे सपाटीवर दहा वाघिणी ओढणारं इंजिन घाटात चार-पाचांवरच फिरक्या घेऊ लागलं तर नवल नाही.

इंजिनाची ओढ शेवटी त्याच्या वजनावर असते. वायडीएम-४ चं खरं वजन ७२ टन. लांबी, रुंदी, उंची तिन्ही १६० पट घटल्या की वजन १६० च्या घनाने, म्हणजे ४० लाख ९६ हजार पटींनी घटतं. उरतात साडेसतरा ग्रॅम! एवढ्या वजनाने काहीच ओढलं जाणार नाही. म्हणून कारखानदार इंजिनात धातूचे ठोकळे ठासून भरतात, काही चाकांवर रबरी पट्टी चढवतात. टीच्या चिमुकल्या इंजिनांत तर चाकांना चुंबकत्व दिलेलं असतं, म्हणजे ती पोलादी रुळांना धरून चालतात. कल्पना सुरेख आहे, पण समुद्रकाठच्या घरात पोलादी रूळ पहिल्याच पावसाळ्यात तांबूस पडतील. वास्को, म्हापसा, काणकोणच्या माणसाने टीच्या वाटेला जाऊ नये.

एनचे रूळ बहुधा निकेल सिल्व्हरचे असतात. हा तांबं, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू आहे, चांदी फक्त नावात. तो गंजत नाही, पण काळवंडतो, आणि वीज याच रुळांतून चाकांकडे जाते. एका रुळात धन, दुसऱ्यात ऋण, कमाल १२ व्होल्ट. दिशा बदलायची तर जोडणी उलटवायची. धुळीचा कण मात्र आपल्या मापाचाच राहतो. ०.०५ मि.मी.चा कण एनच्या गाडीपुढे आठ मि.मी.चा खडा असतो, आणि तो चिरडायला अंगात ७२ टन नसतात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेतला मीठ-ओलावा त्यात भर घालतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापडाने रूळ आणि चाकं पुसावीत, सँडपेपर कधीच वापरू नये; त्याच्या ओरखड्यांत मळ आणखी घट्ट बसतो. इंजिनं हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवावीत. रुळांखालची फळी ओलाव्याने फुगते आणि डिसेंबरच्या कोरड्या हवेत आकसते, मग रूळ वाकतात. म्हणून मरीन प्लायवूड घेऊन सगळ्या बाजू, कडासुद्धा, रंगाने बंद कराव्यात आणि रुळांच्या जोडांत एखादी फट मोकळी सोडावी.

जमिनीचा रंग साधायला गोव्याइतकी सोपी जागा नसेल. चिऱ्याच्या खाणीजवळचा भुगा चाळून घेतला की हुबेहूब तांबडी माती मिळते. पण आपल्या मातीत लोह भरपूर आहे आणि किनाऱ्यावरच्या काळपट रेतीत मॅग्नेटाइटचे कण असू शकतात. इंजिनाच्या मोटरमध्ये चुंबक असतो. असे कण तो ओढून घेतो आणि मोटर अडकते. माती कागदावर पसरून खालून जोरकस चुंबक फिरवावा. जे हलतं ते बाजूला काढावं. उरलेली माती पातळ केलेल्या फेव्हिकॉलने खुशाल चिकटवावी.

सुरुवातीला गोल फिरणारी गाडी नको, असं मी सुचवेन. पंधरा मिनिटांत ती पाहून होते. त्याऐवजी सव्वा मीटरची एक फळी घ्या आणि तिच्यावर ‘इंगलनूक’ नावाचं शंटिंगचं कोडं मांडा. दोन सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे फाटे), तीन बाजूचे रूळ: एकावर पाच वाघिणी मावतील, उरलेल्या दोघांवर प्रत्येकी तीन. एकूण वाघिणी आठ. चिठ्ठ्या टाकून पाच वाघिणींचा क्रम ठरवायचा आणि इंजिनाने त्या तशाच लावून द्यायच्या. आठांतून पाच ओळीने निवडण्याचे ६,७२० प्रकार होतात, त्यामुळे कोडं शिळं होत नाही. मुरगाव बंदराचं शंटिंग यार्ड समजून ते मांडलं तर मागे एक जेटी आणि खनिजाचा ढीग पुरे. दहा वर्षांच्या मुलालाही क्रमपर्यायाचं गणित इथे हाताने कळतं.

घाट हा त्यानंतरचा टप्पा, आणि तिथे दोन इंजिनं लागतात. दोन्ही एकाच विजेवर, पण वेगवेगळ्या वेगाने चालवायची असतील तर डीसीसी ही डिजिटल पद्धत घ्यावी. तिच्यात रुळांवर सतत पुरेशी वीज असते आणि तिच्याच उलट-सुलट स्पंदांतून हुकूम जातात: प्रत्येक अर्धं स्पंदन ५८ मायक्रोसेकंदांचं असलं तर ‘एक’, साधारण १०० किंवा जास्त असलं तर ‘शून्य’. प्रत्येक इंजिनाला स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे ते आपल्यापुरताच हुकूम ऐकतं.

एक इंजिन पुढे, एक मागे लावा आणि गाडी ३७ ला १ च्या वळणदार चढणीवर घाला. पुढचंच इंजिन सगळं ओढत असेल तर ताणलेली गाडी सरळ व्हायला बघते आणि मधल्या हलक्या वाघिणी वळणाच्या आतल्या बाजूला कलंडतात. मागचं फार जोरात ढकलत असेल तर त्याच वाघिणी बाहेरच्या बाजूला उडतात. खऱ्या घाटातही हीच दोन संकटं असतात. मागच्या इंजिनाचा वेग एकेका पायरीने वाढवत जा आणि वाघिणींच्या जोडण्या नीट पाहा. पुढच्या जोडण्या ताणलेल्या दिसतील, मागच्या दाबलेल्या, आणि मध्ये कुठेतरी एक जोडणी नुसतीच सैल. त्या जोडणीच्या पुढच्या वाघिणी पहिलं इंजिन चढवतंय, मागच्या बँकर.