काटा पावतीचं गाठोडं

पांढरकवडा म्हणा की पांढरकवाडा, आमच्याकडे दोन्ही चालतं. आमच्या जिनिंगच्या (कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्याच्या) डेटाबेसला मात्र तो एक काना पचला नाही. जुन्या प्रोग्रामने काटा पावतीचा, म्हणजे कापूस मोजल्याच्या पावतीचा, सगळा तपशील (गाव, गाडी नंबर, ओलावा, भाव) पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेतल्या सीरियलाइझने, म्हणजे सगळं सलग मजकुरात गुंफणाऱ्या सोयीने, बांधून एकाच रकान्यात कोंबला होता. त्या पद्धतीत प्रत्येक मजकुराआधी त्याची लांबी बाइटमध्ये लिहिलेली असते. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं. म्हणजे पांढरकवडा २७, पांढरकवाडा ३०. कुणीतरी, म्हणजे मीच, थेट डेटाबेसमध्ये नाव बदललं. आकडा २७ च राहिला आणि दिवाणजींच्या स्क्रीनवर त्या गावच्या पावत्या कोऱ्या दिसू लागल्या.

अशी गाठोडी बांधायची वेळच येऊ नये, अशी मूळ कल्पना होती. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल मॉडेल, म्हणजे डेटा तक्त्यांत ठेवायची पद्धत, मांडलं, त्यात एका घरात एकच, न फोडता येणारं मूल्य अपेक्षित होतं. पण सातबाऱ्यासारखे रकाने आधीच आखून ठेवले, तरी सीतादही (वेचणीआधीची पूजा) होऊन वेचणी लागली की नवी नोंद हमखास निघते. मग प्रोग्रामरने भाषेत आयतं मिळालं ते वापरलं: जावामध्ये १९९७ पासून तशी सोय होती, पायथनमध्ये पिकल. दोन्ही आपापल्या भाषेपुरत्या. शिवाय परकं पिकल उघडलं तर त्यातला कोड चालू शकतो, हा धोका वेगळाच.

१९९८ मध्ये एक्सएमएल आलं, प्रत्येक माहिती नावाच्या खुणांमध्ये गुंडाळून लिहायची पद्धत. वाचता यायचं, पण दाण्यापेक्षा टरफल जड. डग्लस क्रॉकफर्ड यांनी २००१ च्या सुमारास जेसन (नाव आणि मूल्य यांच्या जोड्या साध्या मजकुरात लिहायची पद्धत) पुढे आणलं आणि त्याच्या साधेपणानेच ते टिकलं. तरी खोड्या आहेत. तारखेसाठी प्रकार नाही. आकडे बरेच प्रोग्राम फ्लोटिंग पॉइंट पद्धतीने, म्हणजे मर्यादित अचूकतेने, वाचतात, त्यामुळे ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ च्या पुढे पूर्णांकाची खात्री राहत नाही. आणि मराठीचं दुखणं असं की पायथन आणि पीएचपी मुळातच देवनागरी अक्षरांऐवजी त्यांचे सांकेतिक आकडे लिहितात. ‘कापूस’ १५ बाइटचा ३० होतो, आणि डोळ्यांनी शोधता येत नाही तो नाहीच.

दरम्यान मोठ्या कंपन्यांनी बायनरी, म्हणजे वाचनीय मजकुराऐवजी थेट बाइटची, वाट धरली. गूगलने आतल्या कामासाठी बनवलेलं प्रोटोकॉल बफर्स २००८ मध्ये खुलं केलं, फेसबुकने थ्रिफ्ट २००७ मध्ये. तिथे नावांऐवजी क्रमांक असतात, म्हणून पुडकं लहान. पण क्रमांक ३ म्हणजे ओलावा, हे सांगणारी फाइल हरवली की संपलं. ही दोन्ही मुख्यतः यंत्रायंत्रांत निरोप पोचवायला घडली. निरोप क्षणात पोचतो. पावती मात्र दहा वर्षांनी कुणीतरी मागायला येतो. हडूप या प्रचंड डेटा हाताळणाऱ्या प्रणालीच्या घरातलं अ‍ॅव्ह्रो, २००९ चं, या बाबतीत शहाणं: त्याच्या फाइलमध्ये रचना सोबतच ठेवलेली असते. आमच्या काट्यावरच्या पावत्यांसाठी यातलं काहीच नको होतं. बाइट वाचवून आमची डिस्क काही रिकामी होणार नव्हती.

शेवटी डेटाबेसनेच गाठोडं ओळखायला सुरुवात केली. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये २०१२ साली जेसन प्रकार आला, पण आत तो तपासलेला मजकूरच. २०१४ मध्ये ९.४ आवृत्तीत जेसनबी आलं: आत फोडून ठेवलेलं, इंडेक्स (झटपट शोधायची सूची) लावता येणारं. त्यात नावांचा क्रम आणि मोकळ्या जागा टिकत नाहीत, एकच नाव दोनदा आलं तर शेवटचं उरतं. डिजिटल सही केलेला मजकूर म्हणूनच त्यात ठेवू नये. मायएसक्यूएल २०१५ मध्ये मागोमाग आलं, एसक्यूलाइटचं स्वतःचं जेसनबी थेट जानेवारी २०२४ मध्ये.

आम्ही लांब्या पुन्हा मोजणारी छोटी स्क्रिप्ट लिहून पावत्या सोडवल्या. ओलाव्याला स्वतंत्र रकाना दिला, कारण सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीत ८ टक्क्यांच्या वर भाव उतरतो, १२ च्या वर कापूस घेत नाहीत, आणि दिवाणजी रोज तेच विचारतात. वजन किलोत, भाव पैशांत, दोन्ही पूर्णांक. उरलेलं जेसनबीत. गावाला कोड दिला आहे. काना द्यायचा की नाही, ते आता पावती छापताना ठरतं.