मृदाधूप-जोखीम नकाशांकन

पाऊस, उतार, माती, पीक आणि बांधबंदिस्ती यांची माहिती एकावर एक रचून कोणत्या जागेची माती किती वाहून जाण्याचा धोका आहे, हे मुक्त-स्रोत (ज्याची मूळ आज्ञावली सर्वांना खुली असते अशा) भूमाहिती सॉफ्टवेअरच्या, म्हणजे जीआयएसच्या मदतीने ठरवण्याची पद्धत. सलग समतल चर कुठे खोदायचे, कोणत्या नाल्यावर आधी दगडी बांध घालायचे, हे पाणलोटाच्या कामात या नकाशावरून ठरवता येते. भारतात दरवर्षी हेक्टरी सरासरी १६.३५ टन माती जागची हलते, हा ध्रुवनारायण आणि राम बाबू या संशोधकांचा १९८३ सालचा अंदाज आजही सांगितला जातो. त्यांच्या हिशेबाप्रमाणे या मातीपैकी सुमारे २९ टक्के समुद्रात जाते, १० टक्के धरणांत गाळ होऊन बसते आणि उरलेली इथून उठून तिथे पडते. पण देशाच्या सरासरीवरून एका गावातले चर आखता येत नाहीत. त्यासाठी शिवाराचाच नकाशा लागतो.

या पद्धतीचा पाया म्हणजे विशमायर आणि स्मिथ यांनी अमेरिकेत मांडलेले सार्वत्रिक मृदाधूप समीकरण (१९६५, १९७८) आणि त्याची १९९७ची सुधारित आवृत्ती. पावसाची धूपशक्ती, मातीची धूपप्रवणता, उताराची लांबी व तीव्रता, पिकाचे आच्छादन आणि संधारणाचे उपाय यांचा गुणाकार केला की वर्षाला हेक्टरी किती टन माती जाईल याचा अंदाज मिळतो. २२.१३ मीटर लांब आणि ९ टक्के उताराच्या प्रायोगिक वाफ्यासाठी उताराचा घटक १ धरतात. बाकी सगळे उतार त्याच्याशी ताडून पाहिले जातात.

हा गुणाकार नकाशाच्या प्रत्येक चौकटीसाठी करण्याचे काम ग्रास जीआयएस आणि क्यूजीआयएस ही सॉफ्टवेअर करतात. ग्रासचा जन्म १९८२ साली अमेरिकी सैन्याच्या एका प्रयोगशाळेत झाला. क्यूजीआयएस गॅरी शर्मन यांनी २००२मध्ये सुरू केले. दोन्ही फुकट आहेत. त्याहून मोलाची गोष्ट ही की एकाने केलेला हिशेब दुसऱ्याला पायरीपायरीने तपासता येतो आणि पुढच्या वर्षी नवी माहिती घालून पुन्हा करता येतो. ग्रासमधील ‘आर.वॉटरशेड’ हे साधन उंचीच्या आराखड्यावरून पाण्याची वाट, पाणलोटाची हद्द आणि उताराचा घटक काढून देते. उंचीसाठी फेब्रुवारी २०००मधील अवकाशयान-रडार मोहिमेची ३० मीटर चौकटीची माहिती मोफत मिळते. मात्र ती अक्षांश-रेखांशांत असते. उंची मीटरमध्ये आणि अंतर अंशांत राहिले, तर सपाट माळही कड्यासारखा उभा दिसतो. म्हणून आधी प्रक्षेपण बदलावे लागते, म्हणजे अंतरेही मीटरमध्ये आणावी लागतात. ७८ अंश रेखांशाच्या पश्चिमेला यूटीएम या मीटरमधल्या प्रक्षेपणाचा ४३ क्रमांकाचा पट्टा लागू पडतो, तर नागपूरकडे ४४.

पावसाच्या बाबतीत मोठी तडजोड होते. मूळ पद्धतीत अर्ध्या तासातील कमाल तीव्रता लागते, पण आपल्याकडे बहुतेक ठिकाणी दिवसाचा एकूण पाऊसच मिळतो. त्यामुळे भारतात बरेच जण धूपशक्ती = ७९ + ०.३६३ × वार्षिक पाऊस (मिमी) हे सूत्र वापरतात. ६०० मिमी पावसाला उत्तर सुमारे २९७ येते. ते ६०० मिमी रिमझिमीत पडले की तीन वळवांत कोसळले, हे या सूत्राला कळत नाही, आणि माती तर त्या तीन वळवांतच जाते.

पिकाच्या आच्छादनात चूक सहज होते. ते उपग्रहचित्रातील हिरवाईवरून काढतात. पावसाळ्यात ढगांमुळे चित्रे मिळत नाहीत, म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरचे स्वच्छ चित्र घेण्याचा मोह होतो. पण सोलापूरकडच्या भारी काळ्या रानात पावसाळाभर रान मोकळे ठेवून सप्टेंबर-ऑक्टोबरात शाळू पेरण्याची रीत आहे. मृगाच्या सरी पडतात त्या उघड्या मातीवर, आणि नकाशा मात्र नंतरचे हिरवे रान पाहून धोका कमी दाखवतो. अशा भागासाठी एप्रिल-मेचे चित्र जोडीला घेतलेच पाहिजे.

बांधांची गोष्टही तशीच आहे. दोन-अडीच फूट उंचीचा मातीचा बांध ३० मीटरच्या चौकटीत दिसतच नाही. कुठला बांध धड आहे, कुठला फुटून तिथून ओघळ पडली आहे, हे शिवारफेरीत पाहून नकाशावर हाताने भरावे लागते. हे न भरता सबंध पाणलोटाला एकच आकडा देणारे नकाशे पुष्कळ होतात. तशा नकाशात राबून बांध घातलेले शेत आणि शेजारचा उघडा माळ यांच्यात फरक उरत नाही.

समीकरण मुळात सालकाढी धूप (मातीचा वरचा पातळ थर सगळीकडून वाहून जाणे) आणि लहान ओघळींपुरते आहे. घळी, नदीकाठ ढासळणे आणि खाली साचणारा गाळ त्यात येत नाही. म्हणून अनुभवी लोक टनांच्या आकड्यावर भर न देता चौकटींची सौम्य ते अतितीव्र अशी उतरंड लावतात आणि घळी तपशीलवार उपग्रहचित्रावरून वेगळ्या रेखाटून त्या उतरंडीवर ठेवतात. अतितीव्र धोक्याच्या चौकटी आणि घळीचे तोंड जिथे एकत्र येतात, तिथून वर माथ्यापर्यंत चालत जाऊन कामाची पहिली आखणी होते.