स्काऊट-गाईड जिल्हा संस्थेत पद हवंय? अर्ज नेमका कुठे अडतो, ते आधी वाचा

'सर, मी बारा वर्षं पथक चालवतोय आणि हे म्हणतात अनुभव चारच वर्षांचा!' जिल्हा कार्यालयाच्या पायरीवर हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की आता पुढचा प्रश्न तयारच असतो: नोंदणी किती वर्षं केलीत? मग शांतता. पथक खरंच चाललेलं असतं. शिबिरं झालेली असतात, १५ ऑगस्टचं संचलन झालेलं असतं, गावात त्या सरांना सगळे 'स्काऊटवाले सर' म्हणूनच ओळखतात. पण संस्थेच्या दप्तरी पथकाची नोंदणी दर वर्षी नव्यानं व्हावी लागते. ज्या वर्षी ती झाली नाही, त्या वर्षी तुम्ही काहीच केलं नाही, असं कागद म्हणतो. भारत स्काऊट्स आणि गाईड्सच्या जिल्हा पातळीवरचे बहुतेक अर्ज या एका खड्ड्यात जातात, म्हणून सुरुवात इथून.

आधी कोणती खुर्ची हवी ते ठरवा, कारण दोन अगदी वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. पथकप्रमुख, म्हणजे कब मास्टर (लहान मुलांचे, म्हणजे कबचे), फ्लॉक लीडर (लहान मुलींचे, म्हणजे बुलबुलचे), स्काऊट मास्टर, गाईड कॅप्टन, रोव्हर लीडर (तरुणांचे), रेंजर लीडर (तरुणींचे), हे सगळे स्वयंसेवक. जिल्हा मुख्य आयुक्त, जिल्हा आयुक्त (स्काऊट), जिल्हा आयुक्त (गाईड), प्रशिक्षण आयुक्त, चिटणीस, खजिनदार ही पदंही मानाची, पगाराची नव्हेत. जिल्हा संघटक (स्काऊट) आणि जिल्हा संघटक (गाईड) हे मात्र पूर्णवेळ, पगारी कर्मचारी. नोंदणी, शिबिरं, चाचण्या, पत्रव्यवहार असा रोजचा गाडा तेच ओढतात. 'आयुक्त झाल्यावर मानधन किती?' असं विचारणारे दर वर्षी भेटतात. उत्तर सोपं आहे: काही नाही, उलट पेट्रोल स्वतःचं.

आयुक्तपदासाठी खिडकीवर अर्ज देऊन रांगेत उभं राहायचं नसतं. त्या नेमणुका संस्थेच्या नियमांप्रमाणे वरून होतात आणि अनेक जिल्ह्यांत शिक्षणाधिकारीच आयुक्त असतात. त्याचा तुमच्याशी संबंध एवढाच, की साहेबांची बदली झाली की सह्या थांबतात. नवे साहेब रुजू होऊन त्यांना 'हे स्काऊटचं काय असतं' हे समजेपर्यंत तुमची फाइल टेबलावर धूळ खाते. म्हणून सहीचं काम मुदतीच्या शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. बदल्यांच्या हंगामात तर मुळीच नको.

पथकप्रमुख होण्याचा मार्ग सरळ आहे. शाळेत असाल तर मुख्याध्यापकांमार्फत, शाळेबाहेरचे असाल तर ओपन ग्रुप, म्हणजे शाळेशी न जोडलेलं पथक, काढून. शिक्षक असणं सक्तीचं नाही, हे फार लोकांना माहीतच नसतं. पथकाची आणि स्वतःची नोंदणी ओवायएमएस या राष्ट्रीय पोर्टलवर करायची. तिथे मिळणारा बीएसजी (भारत स्काऊट्स आणि गाईड्स) क्रमांक, म्हणजे तुमचा सदस्य क्रमांक, जपून ठेवा. दर वर्षी नवं खातं उघडणारे महाभाग आहेत. मग एकाच माणसाचे तीन क्रमांक होतात आणि सेवेचे तीन तुकडे.

प्रशिक्षणाची शिडी अशी: बिगिनर्स, बेसिक, ॲडव्हान्स्ड आणि पथकप्रमुखांसाठीची शेवटची पायरी, हिमालय वूड बॅज. बेसिक हा ७ दिवसांचा निवासी कोर्स. त्यासाठी शाळेचं कार्यमुक्तीपत्र, वैद्यकीय प्रमाणपत्र, फोटो आणि पूर्ण गणवेश लागतो. गणवेश 'तिथे गेल्यावर घेऊ' म्हणून चालत नाही. पुढे शिकवणारे व्हायचं असेल तर सहायक लीडर ट्रेनर आणि लीडर ट्रेनर या पायऱ्या आहेत. गळ्यातल्या लाकडी मण्यांवरून ते ओळखू येतात: वूड बॅजवाल्यांचे दोन, सहायकांचे तीन, लीडर ट्रेनरांचे चार. प्रशिक्षण आयुक्त व्हायची इच्छा असेल तर वूड बॅजच्या अलीकडे थांबलेल्यांनी घाई करू नये.

आता अडणाऱ्या जागा.

पहिली, विभाग. बेसिक हा कोर्स 'स्काऊटिंगचा' म्हणून सरसकट नसतो. तो कबचा, बुलबुलचा, स्काऊटचा, गाईडचा असा त्या त्या विभागाचा असतो. प्राथमिक शाळेत असताना कबचं बेसिक केलं, पुढे हायस्कूलला बदली झाली, स्काऊट पथक हातात आलं आणि ॲडव्हान्स्डला अर्ज केला स्काऊटचा. नामंजूर. यात कार्यालयाची चूक नाही, पण प्रमाणपत्रावरची ती एक ओळ कोणी मोठ्यानं वाचून दाखवत नाही. घरी जाऊन तुमचं प्रमाणपत्र काढा आणि विभाग बघा. आत्ताच.

दुसरी, वॉरंट. हा कागद कुणाकडेच नसतो. शाळेनं तुम्हाला पथक दिलं ही झाली नेमणूक. संस्थेनं तुम्हाला अधिकृत स्काऊटर किंवा गाईडर म्हणून मान्य केलं, तो कागद म्हणजे वॉरंट. बेसिक झालं की वॉरंट आपोआप टपालानं येईल, अशी बहुतेकांची समजूत असते. येत नाही. मागावं लागतं, शिफारस लागते, आणि त्यावर मुदतही असते. पंधरा वर्षांपूर्वीचं वॉरंट लॅमिनेट करून आणणाऱ्या एका सरांचा चेहरा मला अजून आठवतो. तुमच्याकडे वॉरंट नसेल तर जिल्हा संघटकांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं या कार्यालयांत दुपारच्या जेवणापर्यंतही टिकत नाही.

तिसरी, नाव. ही खास करून गाईडर बाईंसाठी. बेसिक माहेरच्या नावानं, सेवापुस्तक सासरच्या नावानं, आधारवर तिसरंच काहीतरी. छाननी करणाऱ्याला ती दोन वेगळी माणसं दिसतात. विवाह नोंदणी प्रमाणपत्राची प्रत जोडली तर बहुतेक वेळा निभावतं. नावच पूर्ण बदललं असेल तर राजपत्रातली प्रसिद्धी लागते आणि त्याला वेळ जातो, म्हणून जाहिरात येण्याची वाट न बघता ते काम उरकून ठेवा. प्रतिज्ञापत्रावर भागेल असं कुणी म्हणालं तर ते लेखी मागा.

चौथी, तारीख. पत्रकावर 'अंतिम दिनांक' लिहिलेला असतो, पण तो कुठल्या टेबलाचा, हे नीट वाचा. प्रस्ताव राज्य कार्यालयात पोहोचण्याची तारीख असेल तर जिल्ह्यात तो त्याच्या बराच आधी यायला हवा. मध्ये छाननी आहे, सही आहे, शनिवार-रविवार आहे. शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता जिल्हा कार्यालयात आलेला माणूस वेळेत आलेला नसतो. त्याला मात्र तसं वाटत असतं, आणि समजूत घालायची वेळ येते माझ्यावर.

संघटकाच्या नोकरीबद्दल थोडक्यात: जाहिरात निघेल तेव्हाच अर्ज, पात्रता आणि वयाची अट जाहिरातीत असेल तीच. 'पूर्वी चालत होतं' हा पुरावा नव्हे. चारित्र्य पडताळणी मागितली तर ती पोलिसांच्या ऑनलाइन सेवेतून करायची. ग्रामपंचायतीचा किंवा मुख्याध्यापकांचा दाखला वेगळा, त्यानं ही गरज भागत नाही. अर्जात 'स्काऊटचा अनुभव' एवढंच लिहू नका. साल, पथक, नोंदणी क्रमांक असं लिहा.

एवढी किरकिर कशासाठी, असं कुणी विचारलं तर मी रेल्वे भरतीकडे बोट दाखवतो. रेल्वेत स्काऊट-गाईड कोटा असतो. त्यासाठी राष्ट्रपती स्काऊट, गाईड, रोव्हर किंवा रेंजर (म्हणजे राष्ट्रपती पुरस्कार मिळवलेले) असावं लागतं, नाहीतर वूड बॅजधारक. शिवाय राष्ट्रीय किंवा अखिल रेल्वे पातळीवरचे २ आणि राज्य पातळीवरचे २ कार्यक्रम केलेले असावे लागतात, आणि अलीकडची किमान ५ वर्षं सक्रिय सदस्य असल्याचा दाखला हवा. लेखी परीक्षा ६० गुणांची, उरलेले ४० प्रमाणपत्रांचे. मुलं या सक्रियतेच्या दाखल्यावर अडतात. पथकप्रमुखानं मधल्या एका वर्षी नोंदणी केली नाही, की त्या मुलाची ५ वर्षं तुटली. मुलगा शिबिरात होता, फोटोत आहे, पण यादीत नाही. स्काऊट-गाईड मुलांना दहावीत मिळणाऱ्या सवलतीच्या गुणांच्या प्रस्तावातही हेच होतं. राज्य पुरस्काराची तयारी वर्षभर करून घ्यायची आणि नोंदणीची पावती मात्र सापडत नाही! अशा वेळी पालक कार्यालयाला शिव्या देतात. कार्यालयाला त्या पुष्कळदा शोभतातही, पण या खेपेला चूक आपली असते.

वूड बॅजवाल्यांनीही एक लक्षात ठेवावं. कोर्सला हजर राहिल्याचं प्रमाणपत्र म्हणजे पार्चमेंट नव्हे. पार्चमेंट म्हणजे वूड बॅज मिळाल्याचं अंतिम प्रमाणपत्र. कोर्सनंतरची पूर्तता झाली की ते येतं आणि अर्जाला तेच जोडायचं.

जुनी प्रमाणपत्रं हरवली असतील तर हताश होऊ नका. कोर्सचं साल, ठिकाण आणि शिबिरप्रमुखांचं नाव आठवून राज्य कार्यालयाला लिहा, शिबिराच्या नोंदी तिथे शोधता येतात. पचमढीच्या राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्रातला कोर्स असेल तर राष्ट्रीय मुख्यालयाला लिहायचं. 'अंदाजे २००८ च्या सुमारास' असं मात्र लिहू नका. शाळेच्या हजेरीपटात त्या आठवड्यात तुमच्या नावापुढे रजा किंवा ऑन ड्यूटी लिहिलेलं असतं. आधी तिथून तारीख काढा, मग पत्र.