ब्लोअर दाब तयार करत नाही

अमेरिकेतल्या जुन्या हॉट रॉड (वेगासाठी फेरफार केलेल्या) गाड्यांच्या चित्रांत बॉनेट फोडून वर आलेला, कडांना उभ्याआडव्या पट्ट्या असलेला अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा दिसतो. समोर रुंद दातेरी पट्टा, वर कार्ब्युरेटर. त्याला 6-71 म्हणतात, पण हे नाव मुळात त्याचं नाही. जनरल मोटर्सच्या टू-स्ट्रोक डिझेल इंजिनाचं ते नाव होतं: सिलिंडर 6, प्रत्येकी 71 घन इंचांचा. या इंजिनात हवा ओढणारा वेगळा स्ट्रोकच नसतो, त्यामुळे जळका धूर हुसकावून ताजी हवा भरायला ब्लोअर, म्हणजे हवा ढकलणारा पंप, लागतोच. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातल्या शौकिनांनी तो ट्रकच्या इंजिनावरून उतरवला आणि पेट्रोल गाडीवर चढवला.

त्याची रचना त्याहून कितीतरी जुनी आहे. इंडियाना राज्यातल्या रूट्स बंधूंनी 1860 साली तिचं पेटंट घेतलं. दोन रोटर एकमेकांत अडकून उलटसुलट फिरतात आणि आवरणाच्या भिंतीलगत हवेचे कप्पे वाहून नेतात. आत हवा दाबली जात नाही, फक्त एका तोंडातून दुसऱ्या तोंडाकडे पोचवली जाते. सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जादा हवा भरणारा असा ब्लोअर, समजायचा तर आधी हे नीट मनात बसायला हवं. मग दाब येतो कुठून? ब्लोअर जितकी हवा पुढे ढकलतो तितकी इंजिनाला गिळता येत नाही. ती मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमध्ये, साचते, आणि त्या साचण्यालाच आपण बूस्ट म्हणतो.

म्हणून ब्लोअर केवढा हवा, हा प्रश्न एकट्याने सोडवता येत नाही. 6-71 एका फेऱ्यात 411 घन इंच, म्हणजे सुमारे 6.7 लिटर हवा सरकवतो. तो 5.7 लिटरच्या शेवरले व्ही-8 वर बसवला असं धरू. फोर-स्ट्रोक इंजिनाचे सगळे सिलिंडर भरायला क्रँकशाफ्टचे (इंजिनाच्या मुख्य दांड्याचे) दोन फेरे लागतात, म्हणजे एका फेऱ्याला 2.85 लिटर. पट्ट्याच्या दोन्ही पुली, क्रँकची आणि ब्लोअरची, सारख्या ठेवल्या, तर कागदावर इंजिनाच्या भुकेच्या 2.35 पट हवा येऊन आदळते. पंपावरच्या साध्या पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीला हे झेपणार नाही. इंधन वेळेआधी भडकून नॉकिंग होईल आणि पिस्टन फुटतील.

इथे पुली कामाला येते. क्रँकच्या पुलीला 40 दाते आणि ब्लोअरच्या पुलीला 55, तर गुणोत्तर 0.73. इंजिन मिनिटाला 6000 फेऱ्यांवर असताना ब्लोअर 4360 वर फिरतो आणि तोच हिशेब 1.7 पटींवर उतरतो. रोटर आणि भिंत यांच्यामधल्या फटीतून थोडी हवा मागे निसटते, त्यामुळे प्रत्यक्षात आणखी कमी. मोठा ब्लोअर असा सावकाश फिरवण्याला अंडरड्राइव्ह म्हणतात.

पण दाबाचा काटा पाहून ताकदीचा अंदाज बांधू नका. काटा साचलेपण दाखवतो, सिलिंडरमध्ये गेलेली हवा नाही. सिलिंडर हेडमधले हवेचे मार्ग आणि एक्झॉस्ट मोकळे करा, पुली तीच ठेवा: काटा खाली येतो आणि ताकद वाढते, कारण अडलेली हवा आता पुढे जाते. याच्या उलट उष्णता. अर्ध्या बार (बार हे दाबाचं एकक) बूस्टलाच रूट्स ब्लोअर 30 अंशांची, इंधन न मिसळलेली नुसती हवा 90 ते 100 अंशांपर्यंत तापवू शकतो. तापलेली हवा फुगते, काटा वर चढतो, ऑक्सिजन मात्र तेवढाच राहतो. इंजिनावर दम लागेपर्यंत छोट्या पुल्या चढवत जाणाऱ्यांना ही गोष्ट कोणीतरी वेळेवर सांगायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

शिवाय पट्ट्यावरून जाणारी शक्ती इंजिनातूनच येते. वरच्या उदाहरणात अर्ध्या बारला ब्लोअर फिरवायलाच किमान 33 अश्वशक्ती खर्च होते, घर्षण वेगळं.

छोट्या ब्लोअरचं गणित उलट्या बाजूने सुरू होतं. ईटन कंपनीचा एम90 हा ब्लोअर एका फेऱ्यात 90 घन इंच, म्हणजे दीड लिटरच्या आसपास हवा देतो. ब्यूइकच्या 3.8 लिटर व्ही-6 वर त्याला क्रँकपेक्षा बराच जोरात पळवावं लागतं. तिथे मूळ 3.8 इंचांची पुली काढून 3.4 इंचांची लावली की ब्लोअरचा वेग सुमारे 12 टक्क्यांनी वाढतो. तेवढ्याने गाडीत फरक जाणवतो. पण रोटर आणि बेअरिंगना वेगाची मर्यादा असते, आणि वेगाबरोबर हवेचं तापणंही वाढतं. त्या मर्यादेजवळ आल्यावर आणखी लहान पुली शोधण्यापेक्षा मोठा ब्लोअर घेऊन तो सावकाश फिरवणं मला शहाणपणाचं वाटतं. तसंही पुली लहान होत गेली की पट्ट्याला तिच्यावर धरायला जागा उरत नाही. दाते नसलेला पट्टा असेल तर तो भर वेगात घसरतो, आणि ज्या बूस्टसाठी पुली बदलली तोच वरच्या फेऱ्यांवर गळून पडतो.