प्राथमिकच्या मुलांसाठी इंग्रजी वक्तृत्व स्पर्धा: पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाची पद्धत

इंग्रजी वक्तृत्व स्पर्धेत मुलाचं नाव द्यायचं असेल तर पहिली फेरी शाळेच्या ऑफिसात मारायची. जिल्हा परिषद, नगरपालिका किंवा अनुदानित शाळेतल्या मुलाचं नाव शासकीय स्पर्धेत पालकांनी परस्पर द्यायचं नसतं; ते मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्यानिशी जातं. खासगी संस्थांच्या काही स्पर्धांत पालकांना स्वतः ऑनलाइन नोंदणी करता येते, पण तिथेही शाळेचा दाखला बहुधा मागतात.

महाराष्ट्रात मराठी माध्यमातही २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवतात. चौथीतल्या मुलाने चार वर्षं इंग्रजी वाचलेलं, लिहिलेलं असतं, पण चारचौघांत उभं राहून इंग्रजीत बोलायची वेळ त्याच्यावर फारशी आलेली नसते. ती संधी अशा स्पर्धेत मिळते. म्हणूनच तयारी झालेल्या मुलाचं नाव एखाद्या कागदापायी राहून जातं तेव्हा फार वाईट वाटतं.

सूचना कुठून येते

शासकीय स्पर्धांचं पत्र पंचायत समितीच्या शिक्षण विभागातून निघतं आणि केंद्रप्रमुखांमार्फत शाळेत पोहोचतं. आधी शाळेतून निवड, मग केंद्र (म्हणजे आसपासच्या शाळांचा गट), तालुका आणि जिल्हा अशी चढण असते. १ ऑगस्टची टिळक पुण्यतिथी आणि अण्णा भाऊ साठे जयंती, १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, २६ नोव्हेंबरचा संविधान दिन, ३ जानेवारीची सावित्रीबाई फुले जयंती आणि २६ जानेवारी या तारखांच्या आगेमागे स्पर्धा जास्त असतात. पत्र आल्यापासून नावं पाठवेपर्यंत हातात मोजके दिवस असतात. त्यामुळे कागदपत्रं जुलैमध्येच एका फाईलला लावून ठेवावीत आणि वर्गशिक्षकांना आधीच सांगून ठेवावं, की बाई, इंग्रजी भाषणाची स्पर्धा निघाली तर आमच्या मुलीचं नाव धरा.

पात्रता: गट नीट वाचा

प्राथमिक गट म्हणजे नेमकी कुठली इयत्ता, हे प्रत्येक पत्रकात तपासावं लागतं. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवी प्राथमिक आणि सहावी ते आठवी उच्च प्राथमिक. पण आपल्याकडच्या कित्येक जिल्हा परिषद शाळा चौथीपर्यंतच आहेत, त्यामुळे काही पत्रकांत पहिला गट चौथीला संपतो आणि पाचवीचं मूल थेट सातवी-आठवीच्या मुलांसमोर उभं राहतं. पाचवीच्या पालकांनी एवढी एक गोष्ट फोन करून विचारावीच.

काही ठिकाणी गट इयत्तेवर ठरतो, काही ठिकाणी वयावर. वयाची अट असेल तर ते कोणत्या तारखेला मोजणार, हे पत्रकात पाहा. राज्यात पहिलीच्या प्रवेशासाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण हा निकष आहे, त्यामुळे एकाच वर्गात जवळजवळ वर्षभराच्या अंतराची मुलं असतात. डिसेंबरात जन्मलेलं मूल आणि त्याच बाकावरचं जानेवारीतलं मूल वयाच्या अटीत वेगवेगळ्या गटांत जाऊ शकतात.

आता माध्यम. मराठी, सेमी-इंग्रजी आणि इंग्रजी माध्यमाचे गट वेगळे आहेत का, हे आवर्जून विचारा. वेगळे नसतील तर मुख्याध्यापकांमार्फत आयोजकांना तशी लेखी विनंती करायला हरकत नाही. घरीदारी मराठीच ऐकणाऱ्या मुलाला इंग्रजी माध्यमाच्या मुलासोबत एकाच मापाने तोलणं मला योग्य वाटत नाही, आणि चार-पाच शाळांनी मिळून पत्र दिलं तर ते नुसतं फाईलला लागत नाही.

एका शाळेतून एका गटात किती मुलं पाठवायची, याचीही मर्यादा असते. जागा एकच असेल तर शाळेने वर्गात खुली फेरी घेऊन मूल निवडावं. दरवर्षी त्याच हुशार मुलाचं नाव पुढे करण्याची सवय सोडायला हवी.

कागदपत्रं

सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे मुख्याध्यापकांचा बोनाफाईड दाखला. त्यावर मुलाचं पूर्ण नाव, जन्मतारीख, इयत्ता, माध्यम, जनरल रजिस्टर (शाळेतल्या प्रवेशांची नोंदवही) क्रमांक आणि चालू शैक्षणिक वर्ष हवं. शाळेचा यू-डायस क्रमांक, म्हणजे शाळेचा सरकारी ओळख क्रमांक, हाही लागतो. तो ११ अंकी असतो आणि महाराष्ट्रातल्या शाळांचा २७ने सुरू होतो. गेल्या वर्षीचा दाखला पुन्हा जोडू नका, त्यावरची इयत्ताच चुकीची ठरते.

खरी अडचण नावात असते. रजिस्टरला 'ओमकार' आणि आधारला 'ओंकार', किंवा रजिस्टरला वडिलांचं नाव आणि आधारला नुसतं नाव-आडनाव. शाळेच्या फेरीत हे कोणी बघत नाही. पण तालुक्याला प्रमाणपत्र छापताना आणि जिल्ह्याला बक्षिसाची रक्कम बँकेत जमा करताना अडतं. जनरल रजिस्टरमधली नोंद मुख्याध्यापकांना आपल्या अधिकारात बदलता येत नाही, त्याला शिक्षण विभागाची मान्यता लागते. त्यामानाने आधारची दुरुस्ती सोपी. म्हणून रजिस्टरची नोंद जन्मदाखल्याशी जुळत असेल तर आधारच दुरुस्त करून घ्यावं. मात्र आधारवर नाव दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते, तेव्हा आधार केंद्रावर अर्जातलं प्रत्येक अक्षर स्वतः वाचून मगच पुढे जाऊ द्या. मूल पाच वर्षांचं झाल्यावर बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद द्यायची असते, ती राहिली असेल तर त्याच फेरीत उरकून घ्या.

आधारची प्रत मागितली तर झाकलेलं, म्हणजे फक्त शेवटचे चार अंक दिसणारं आधार द्या. ते आधारच्या अधिकृत संकेतस्थळावरून डाउनलोड होतं. त्या फाईलचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मवर्ष.

याशिवाय पासपोर्ट आकाराचे दोन फोटो, पालकाचं संमतीपत्र आणि बक्षीस रोख असेल तर पालकासोबतच्या संयुक्त खात्याच्या पासबुकाचं पहिलं पान एवढं पुरतं. संमतीपत्रात मुलाचा फोटो आणि व्हिडिओ कुठे वापरणार, हे लिहिलेलं असावं. नसेल तर विचारून तिथेच लिहून घ्या. अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती हवी, असं २०२३चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा सांगतो.

बोलताना अडखळणाऱ्या मुलाला घरी बसवू नका. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधल्या २१ प्रकारांत वाचा आणि भाषेचं दिव्यांगत्वही आहे. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) असेल तर त्याची प्रत जोडून जादा वेळेची विनंती अर्जासोबतच करा. ऐन दिवशी परीक्षकांना सांगितलं तर त्यांनाही फारसं काही करता येत नाही.

अर्ज भरताना

शाळेतून जाणारा अर्ज एक पानाचा असतो. विषयाच्या रकान्यात पत्रकातलाच विषय शब्दशः लिहा. 'माय स्कूल' दिलेला असताना 'माय स्कूल अँड माय टीचर' लिहिलं तर भाषण विषयाबाहेर धरलं जाऊ शकतं. सही-शिक्का झालेल्या अर्जाचा फोटो काढून ठेवा आणि शाळेतून तो कोणत्या जावक क्रमांकाने गेला, हेही टिपून घ्या. अर्ज पोहोचलाच नाही असं पुढे कोणी म्हणालं तर दाखवायला तोच पुरावा असतो.

पहिली फेरी व्हिडिओची असेल तर मोबाइल आडवा धरायचा की उभा, हे पत्रकात पाहा. चित्रीकरण सलग हवं, मधे तोडजोड केलेले व्हिडिओ बाद होतात. मुलाच्या मागे भिंत असावी. घराचा पत्ता, गाडीचा नंबर असलं काही चित्रात येऊ देऊ नका.

भाषण मोठ्यांनी लिहून द्यायचं आणि मुलाने पाठ करायचं, अशी पद्धत सर्रास दिसते. मला ती मान्य नाही. परीक्षकांनी पाठ संपल्यावर एक साधा प्रश्न विचारला, व्हॉट गेम डू यू प्ले ॲट रिसेस?, की मूल बाईंकडे बघायला लागतं. तेच दुसरीतलं मूल आपल्या गोठ्यातल्या वासराबद्दल सहा साधी वाक्यं स्वतः जुळवून बोलतं, तेव्हा अख्खा वर्ग कान देऊन ऐकतो. गुण कशाला किती, याचा तक्ता पत्रकात असतो. उच्चार, मांडणी, हावभाव आणि वेळ हे रकाने बहुतेक ठिकाणी सापडतील. तयारी त्या तक्त्यावरून करा.

शुल्क आणि इतर वाटा

शासकीय स्पर्धेसाठी कोणी प्रवेश शुल्क मागितलं तर मुख्याध्यापकांशी बोलल्याशिवाय देऊ नका. खासगी स्पर्धेत नोंदणी, प्रमाणपत्र आणि अंतिम फेरी असे तीनदा पैसे मागणारेही असतात; एकूण खर्च आधी लेखी मागा.

इंग्रजी ऑलिम्पियाड ही पर्यायी उत्तरं निवडायची लेखी परीक्षा आहे, तिथे बोलावं लागत नाही. स्पर्धेची चढाओढ नको असेल तर ट्रिनिटी कॉलेज लंडनची बोलण्याची परीक्षा पाहा. तिच्या पहिल्या श्रेणीत परीक्षक मुलाशी पाच मिनिटं समोरासमोर बोलतात. केंब्रिजच्या स्टार्टर्स परीक्षेत बोलण्याचा भाग तीन ते पाच मिनिटांचा असतो आणि त्यात पास-नापास नाही. दोन्हींची नोंदणी मान्यताप्राप्त केंद्रातून होते आणि शुल्कही भरावं लागतं.

निवड झाल्यावर

केंद्रातून तालुक्याला नाव गेलं की प्रवासासाठी वेगळं संमतीपत्र द्यावं लागतं. शाळेच्या फेरीचं चालत नाही. मुलासोबत कोण शिक्षक जाणार, ते विचारा. मुलगी असेल तर शिक्षिका सोबत असाव्यात, असा आग्रह धरा. बरोबर ओळखपत्र, बोनाफाईडची मूळ प्रत, डबा आणि पाण्याची बाटली द्या. तालुक्याच्या ठिकाणी पोहोचल्यावर आधी हजेरीच्या तक्त्यावर मुलाचं नाव आणि गट बरोबर आहे का, ते पाहून घ्यायला सोबतच्या शिक्षकांना सांगा. चूक असेल तर ती स्पर्धा सुरू होण्यापूर्वी टेबलावरच दुरुस्त होते, निकाल लागल्यावर नाही.